पीडीएफला घड्याळ नसतं

सरकारी दवाखान्यातली एखादी उपचारपद्धती ‘डिजिटल झाली’ असं आपल्याकडे म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा एवढंच झालेलं असतं: छापील पुस्तिका स्कॅन झाली, तिची पीडीएफ झाली आणि ती जिल्ह्याहून तालुक्याच्या, तालुक्याहून पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडली. सर्पदंशाची एसओपी (उपचाराच्या पायऱ्यांची ठरलेली पद्धत), फवारणीच्या विषबाधेची, बाळंतपणातल्या रक्तस्रावाची, सगळ्यांची तीच गत. यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांतल्या प्रशिक्षणांमध्ये सिस्टरांच्या फोनवर या फायली मी पाहत आले आहे. अक्षर बारीक, पान आडवं, भाषा इंग्रजी. दोन बोटांनी ताणून एक ओळ वाचायची, पान सरकवायचं, तोवर मघाची ओळ हरवलेली. पेशंट पाहू का मोबाईल पाहू, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे.

माझं म्हणणं असं: एसओपी पडद्यावर आणायचीच असेल, तर तिने पडद्यावर काम केलं पाहिजे. झालेल्या पायरीवर खूण करता यावी, आकडा लिहायला जागा असावी, दिलेल्या उत्तराप्रमाणे पुढची पायरी समोर यावी, जिथे वेळ मोजायची तिथे घड्याळ सुरू व्हावं. आणि यातली कुठली गोष्ट कुठे, कोणत्या भाषेत, कोणत्या पर्यायांसह लावायची, हे ठरवण्याचा अधिकार तालुक्याला आणि पीएचसीला मिळाला पाहिजे. पहिल्या मागणीला आता फारसा विरोध होत नाही. दुसरी काढली की बैठकीत कुणी बोलत नाही. मला दुसरीच जास्त महत्त्वाची वाटते. ती मान्य झाली नाही, तर पहिलीचा उपयोग थोडाच आहे.

सर्पदंशाचंच घेऊ. ऑगस्टची रात्र आहे, पऱ्हाटी कमरेला लागली आहे, सोयाबीन दाटलं आहे. धुऱ्यावरून घरी येताना शेतमजुराच्या पायाला काहीतरी चावलं. साप कुणी पाहिला नाही. पीएचसीत ड्युटीवर एक सिस्टर आहे आणि डॉक्टर क्वार्टरमधून निघाले आहेत. अशा वेळी कामाला येते ती वीस मिनिटांची चाचणी. शिरेतलं दोनेक मिली ताजं रक्त घ्यायचं, ते नव्या, कोरड्या, साध्या काचेच्या ट्यूबमध्ये सोडायचं, ट्यूब न हलवता वीस मिनिटं उभी ठेवायची आणि मग एकदाच तिरपी करून पाहायची. रक्त वाहिलं, म्हणजे ते गोठत नाही. घोणसाच्या किंवा फुरशाच्या विषाचं हे लक्षण, एएसव्ही (सर्पविषावरचा उतारा) लगेच सुरू करायचं. ना महागडं यंत्र लागतं, ना लॅब टेक्निशियन. पण चुकायच्या जागा पाहा. प्लास्टिकची ट्यूब चालत नाही. साबणाने धुऊन पुन्हा वापरलेली चालत नाही. मधेच उचलून पाहिलेली चालत नाही. बाराव्या मिनिटाला घाईने तिरपी केली, तर अजून न गोठलेलं रक्त पाहून चुकीचा निष्कर्ष निघतो. सलाईन लावण्याच्या आणि नातेवाइकांना आवरण्याच्या गडबडीत चाळिसाव्या मिनिटाला आठवण झाली, तर उपचाराची वीस मिनिटं हातची गेली.

पीडीएफमध्ये हे सगळं लिहिलेलं असतं. पण पीडीएफला घड्याळ नसतं. ट्यूब उभी केल्यावर सिस्टरने एक बटण दाबावं, फोनने वीस मिनिटांनी आवाज द्यावा, आणि तोवर पडद्यावर पुढचा प्रश्न यावा: पेशंटला वर पाहायला सांगा, पापण्या उघड्या राहतात का? हा प्रश्न तिथेच यायला हवा, कारण मण्यारीच्या दंशात पापण्या जडावतात, पण ही चाचणी अगदी सरळ येते. मण्यार चावते ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला. दुखत नाही, सूज नाही, खूणही धड दिसत नाही. रक्त छान गोठलं म्हणून पेशंटला घरी पाठवलं, तर पहाटे त्याचा श्वास अडकतो. कागदावर या दोन गोष्टी दोन वेगवेगळ्या पानांवर असतात. माणूस खाटेवर एकच असतो.

आणखी एक बारकी गोष्ट. लहान मुलाला औषध द्यायचं म्हटलं की आपल्या सगळ्या सिस्टरांचा हात आधी वजनकाट्याकडे जातो, आणि तेच बरोबर आहे. एएसव्हीत मात्र मुलालाही मोठ्या माणसाइतकाच डोस लागतो, कारण सापाने विष ओतताना वजन पाहिलेलं नसतं. वय पाच वर्षं लिहिलं की त्याच क्षणी पडद्यावर ‘डोस कमी करू नका’ ही ओळ यायला हवी. पुस्तिकेत ती आहेच. पण हवी त्या घडीला ती समोर येत नाही.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली असा ‘मिलियन डेथ स्टडी’चा अंदाज आहे. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं, असं केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखड्यात ठरवलं. हे उद्दिष्ट गाठायचं तर मोठ्या शहरातल्या अतिदक्षता विभागाआधी रात्रीच्या त्या खाटेजवळ काय घडतं ते बदलावं लागेल.

फवारणीच्या विषबाधेचंही तसंच. २०१७ च्या खरिपात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडोंना दवाखान्यात दाखल करावं लागलं. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाच्या विषबाधेत ॲट्रोपिन हे औषध एकदा टोचून भागत नाही. छाती ऐकायची, नाडी पाहायची, पाच मिनिटांनी पुन्हा पाहायची. घरघर गेली नसेल तर डोस दुप्पट. छाती साफ झाली की दुप्पट करणं थांबवायचं. ही पायऱ्यांची सरळ यादी नाही, पुन्हा पुन्हा त्याच जागी यायचा फेरा आहे. छापील पानावर फेरा दाखवायला एक वळलेला बाण काढतात. कितवा फेरा चालू आहे, मागचा डोस किती होता, हे त्या बाणाला कसं कळणार?

हे सगळं अमेरिकेतून किंवा पुण्यातून शिकायला हवं असंही नाही. पडद्याचा पत्ताही नव्हता तेव्हा विदर्भात हे करून दाखवलं गेलं आहे. गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यापुढे प्रश्न होता की बाळाचा न्यूमोनिया गावातल्या सुईणीला ओळखता यावा कसा. मिनिटाला श्वास किती, यावर निदान ठरतं: दोन महिन्यांखालच्या बाळाला साठ किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष पन्नास किंवा जास्त. पण अनेक सुईणींना दहाच्या पुढे मोजता येत नव्हतं. मग बंग दांपत्याने एक साधन केलं. वाळूचं एका मिनिटाचं घड्याळ आणि सोबत मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याशी पोचलं, तर न्यूमोनिया. दोन महिन्यांखालच्या बाळाची ओळ वेगळी. १९९२ साली त्याबद्दलचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

हे साधन माझ्या सगळ्या मांडणीचा पाया आहे. त्यात घड्याळ आहे, आकडा भरायची जागा आहे, वयानुसार फाटा आहे. आणि काय बदललं, काय बदललं नाही, हे नीट पाहिलं पाहिजे. साठ आणि पन्नास हे आकडे बदलले नाहीत, ते वैद्यकशास्त्राचे. मोजायची रीत बदलली, कारण मोजणारी बाई कोण आहे हे त्यांना माहीत होतं. पुढे त्याच जिल्ह्यात गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार करून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली गेली. त्या कामाने नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, आणि आज देशभरातल्या आशाताई बाळाच्या घरी ज्या भेटी देतात, त्यांचं मूळ तिथे आहे. पीक पाहून डवऱ्याची (कोळप्याची) पास, म्हणजे पातं, लहानमोठी लावतात, डवरा तोच राहतो. एसओपीचंही तसंच असायला हवं.

आता तालुक्याला नेमकं काय बदलू द्यायचं ते सांगते. ‘पेशंट वरच्या रुग्णालयात पाठवा’ ही पायरी घ्या. पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढलं की गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडचा रस्ता बंद होतो, हे वर्षानुवर्षं चालत आलेलं आहे. तिथे या पायरीच्या आधी ‘रस्ता चालू आहे का?’ हा प्रश्न हवा, आणि ‘नाही’ म्हटलं तर पुढे वेगळी वाट हवी: एएसव्हीच्या कुप्या किती उरल्या, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) कुठे आहे, कुणाला फोन करायचा. वर्धा जिल्ह्यातल्या पीएचसीला या फाट्याची गरज नाही, तिथे तो फक्त वेळ खाईल. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे घरच्यांना विचारायचे प्रश्न कोरकूत हवेत आणि ते लिहिलेले नव्हे, ऐकवता येणारे हवेत. भामरागडला तेच माडियात. यवतमाळच्या कापूसपट्ट्यात विषबाधेच्या एसओपीत ‘कोणतं औषध फवारलं?’ या प्रश्नाखाली त्या हंगामात तालुक्यातल्या कृषी केंद्रांत खरंच विकली जाणारी नावं हवीत, डबीच्या फोटोसह. ती यादी मुंबईत बसून कुणी करू शकत नाही, आणि केली तरी पुढच्या खरिपाला ती जुनी होते.

सगळ्यात मोलाची मुभा मला वाटते ती ‘जमलं नाही’ या पर्यायाची. आज ज्या ॲपमध्ये आपल्या एएनएम (उपकेंद्रातल्या परिचारिका) माहिती भरतात, तिथे लाल फुलीचा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. मग बीपीचं यंत्र बिघडलेलं असलं तरी रकान्यात ११०/७० पडतं. उपकेंद्राची वही ज्याने उघडून पाहिली आहे, त्याला हे ११०/७० ओळखीचं असेल. भरणारीला दोष देऊ नका, रकान्याने तिला दुसरी वाटच ठेवलेली नाही. त्या जागी ‘जमलं नाही’ ही खूण हवी आणि तिच्याखाली कारणं हवीत. ही कारणं त्या त्या ठिकाणच्या माणसांनीच लिहिली पाहिजेत: काचेची ट्यूब संपली, लाईन गेली, नातेवाइकांनी नकार दिला, पेशंट आधी मांत्रिकाकडे नेला म्हणून उशीर झाला. महिन्याच्या शेवटी तालुका आरोग्य अधिकाऱ्याला दिसलं की एका पीएचसीत चाचणी वारंवार ट्यूबपायी राहिली, तर त्यावरचा इलाज प्रशिक्षण नव्हे, ट्यूबचा डबा आहे.

यावर डॉक्टर मंडळींचा पहिला आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. प्रत्येक जण आपापल्या परीने एसओपी बदलू लागला, तर प्रमाण पद्धत उरली कुठे? उद्या कुणी वीस मिनिटांची दहा करेल. माझं उत्तर असं की काही पायऱ्यांना कुलूप हवंच. चाचणीची वेळ, एएसव्हीचा पहिला डोस, ॲट्रोपिन वाढवायचा नियम, श्वासाचे आकडे: यांना तालुक्यात कुणी हात लावायचा नाही. कुलपाची किल्ली राज्य पातळीवरच्या तज्ज्ञांकडे राहू द्या. बाकीचं उघडं ठेवा, पण प्रत्येक बदलावर कुणी केला, कधी केला, कुणी तपासला याची नोंद राहू द्या; बदल चुकला तर मागची आवृत्ती एका बटणात परत यावी. कागदावर तर आजही बदल होतातच. भिंतीवरच्या तक्त्यावर पेनने खोडून नवा फोन नंबर लिहिलेला असतो, डोसपुढे कुणीतरी बाण काढलेला असतो. तो कुणाचा आणि कुठल्या साली, हे कुणालाच ठाऊक नसतं. आज चोरून होणारा बदल उद्या नोंदवून होईल.

ज्या क्षेत्रांत चुकीची किंमत फार मोठी आहे, तिथेही हाच विचार झालेला दिसतो. १९७९ च्या थ्री माईल आयलंड अपघातानंतर अमेरिकेतल्या अणुवीज केंद्रांच्या आणीबाणीच्या कार्यपद्धती मुळापासून नव्याने लिहिल्या गेल्या. पुढे त्या संगणकावर आल्या, तेव्हा नुसता मजकूर दाखवणारी पद्धत वेगळी आणि यंत्राची स्थिती वाचून पायरी तपासणारी वेगळी, असे प्रकार ठरवणारं मार्गदर्शक मानक २०११ मध्ये निघालं. बोइंग ७७७ च्या पडद्यावरच्या चेकलिस्टमध्ये काही पायऱ्यांवर विमान स्वतःच खूण करतं, कारण खटका कुठे आहे हे त्याला कळतं. आणि विमान कंपनीला त्या यादीत आपल्या गरजेचे बदलही करता येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या शस्त्रक्रिया सुरक्षा यादीच्या तळाशी तर छापलंच आहे की स्थानिक पद्धतीनुसार भर घालायला आणि बदल करायला प्रोत्साहन आहे. विमान कंपनीवर जो विश्वास टाकता येतो, तो झरी-जामणीच्या पीएचसीवर का टाकू नये?

दुसरा आक्षेप मला जास्त छळतो. खुणा वाढतात, पण माणसं वाचतात का? उत्तर प्रदेशात १२० आरोग्य केंद्रांवर सुरक्षित बाळंतपणाच्या यादीचा मोठा प्रयोग झाला, २०१७ साली त्याचे निष्कर्ष आले. यादीसोबत केंद्रात येऊन हाताला धरून शिकवणाऱ्या प्रशिक्षकही होत्या. दोन महिन्यांनी आवश्यक कृती पाळण्याचं प्रमाण ७३ टक्के झालं, तर यादी नसलेल्या केंद्रांत ते ४२ होतं. शिकवणं थांबल्यावर, बाराव्या महिन्यात, ते ६२ वर उतरलं. आणि माता-बालकांच्या मृत्यूंत आणि गंभीर गुंतागुंतींत फरक पडला नाही. ज्यांना याद्यांचा फार उत्साह आहे, त्यांनी हा निकाल समोर ठेवूनच बोलावं.

मी त्यातून दोन गोष्टी घेते. एक, पडद्यावरची चौकट रक्ताची पिशवी आणून देत नाही. रक्तपेढी, ॲम्ब्युलन्स, डॉक्टरची रिकामी जागा हे प्रश्न तसेच राहतात, आणि ॲप केलं म्हणून ते मागे ढकलणाऱ्या अधिकाऱ्याला जाब विचारला पाहिजे. दुसरी, वरून आलेली यादी, तिच्यामागे शिकवणारं माणूस असेपर्यंत टिकते. यादीतला प्रश्न सिस्टरने स्वतः सुचवलेला असेल, तिच्या दवाखान्यातली अडचण त्यात तिला दिसत असेल, तर शिकवणारी निघून गेल्यावरही तो प्रश्न तिचाच राहतो. हे सिद्ध झालंय असं मी म्हणत नाही. करून पाहण्याजोगं आहे एवढं नक्की म्हणते, आणि विदर्भाइतकी योग्य जागा त्यासाठी नाही.

तिसरी अडचण पाळतीची. प्रत्येक खुणेला वेळेचा शिक्का लागणार. तो शिक्का उद्या कारणे दाखवा नोटिशीत आला, तर खुणा खाटेजवळ होणार नाहीत, ड्युटी संपताना एकदम होतील, सगळ्या हिरव्या. एसओपी आधी काम करणाऱ्यासाठी असते, अहवाल त्यानंतरचा. हा क्रम उलटला की कितीही चांगलं ॲप पुन्हा वही होऊन बसतं.

तंत्राचं ओझं मात्र वाटतं तेवढं नाही. ओडीके नावाची मुक्त प्रणाली आहे, नेटवर्क नसताना चालते. तिचा फॉर्म साध्या एक्सेलच्या तक्त्यात लिहितात: एका ओळीत एक प्रश्न, शेजारच्या रकान्यात तो केव्हा दिसावा याची अट, त्यापुढे कोणता आकडा चालेल याची मर्यादा, भाषेमागे एक रकाना. तालुक्याच्या ऑफिसातला डेटा एंट्री ऑपरेटर एक्सेल रोज वापरतो. त्याच्याशेजारी एक अनुभवी सिस्टर आणि एक वैद्यकीय अधिकारी बसले, की भामरागडचा ‘रस्ता चालू आहे का?’ हा प्रश्न त्याच दिवशी घालता येतो. कुलूप लावलेल्या ओळी वेगळ्या तक्त्यात ठेवता येतात. यासाठी मोठं टेंडर लागत नाही, आणि खरं सांगायचं तर टेंडर न निघणंच बरं. ठेकेदाराने केलेल्या ॲपात फोन नंबर बदलायलाही अर्ज करावा लागतो. आणि प्रत्येक आवृत्तीची छापील प्रत भिंतीवर हवीच, तारखेसह. विदर्भातल्या पावसाळ्यात लाईन जाते आणि फोनची बॅटरीही जाते.

जिल्हा परिषदांच्या आरोग्य विभागांकडे माझी मागणी मर्यादित आहे. सगळ्या एसओपी एकदम घेऊ नका. सर्पदंश आणि फवारणीची विषबाधा या दोनच घ्या, आणि येत्या खरिपापुरते तीन तालुके निवडा: कापूसपट्ट्यातला एक, मेळघाटातला एक, आणि भामरागड. मे महिन्यात प्रत्येक तालुक्याच्या सिस्टर, आशाताई आणि वैद्यकीय अधिकारी दोन दिवस एकत्र बसवा. कुलूप कशाला आणि मोकळं काय, हे त्यांच्यासमोर ठरू द्या. दिवाळीनंतर ‘जमलं नाही’ची सगळी कारणं जिल्ह्याच्या बैठकीत मोठ्याने वाचा आणि त्यातली जी पैशाने सुटतात त्यांना तिथेच मंजुरी द्या. आणि मे महिन्याच्या त्या बैठकीचं पत्र काढाल, तेव्हा त्यात एक ओळ सहीशिक्क्यासह घाला: ‘जमलं नाही’ अशी खूण केल्याबद्दल कोणत्याही कर्मचाऱ्यावर कारवाई होणार नाही.